सही कोणाची, विलंब कोणाचा?

गहाणाच्या दाव्यात एखादा ऋणको उभा राहतो आणि म्हणतो, “या कागदावरची सही माझी नव्हे.” एवढे बोलणे कानी पडल्यावर न्यायासनापुढे वस्तुतः एकच प्रश्न उरावयास हवा : सही खरी की खोटी? परंतु आपल्या व्यवस्थेत त्या माणसाला प्रथम विचारला जातो तो निराळाच प्रश्न. इतके दिवस तू कोठे होतास? मुदत टळून गेली तेव्हा तू झोपला होतास काय? या दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले तरच पहिल्या प्रश्नाकडे वळायचे, असा क्रम ठरून गेला आहे. परिणामी कितीतरी प्रकरणांत सहीचा प्रश्न कधी चौकशीला येतच नाही. घर जाते, जमीन जाते, आणि कागद खोटा होता की खरा हे कायद्याला अखेरपर्यंत अज्ञातच राहते.

या प्रकरणांचा साचा आपल्या कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. पुढील चित्र कोणा एकाचे नव्हे. अनेकांच्या हकीकती एकत्र केल्या म्हणजे जे उरते ते असे. दोन भावांच्या नावे गावात घर आहे. थोरला गावी, धाकटा नोकरीसाठी ठाण्याला किंवा सुरतेला. थोरला पतसंस्थेतून कर्ज काढतो. कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून धाकट्याची सही लागते, ती कोणीतरी करून देतो. संस्थेचा कारकून सही करणाऱ्याचे तोंड पाहत नाही, कारण कर्ज मंजूर करायचे असे वरून ठरलेले असते. हप्ते थकतात. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि ज्याने लबाडी केली तोच ती घेतो. धाकट्याच्या गैरहजेरीत वसुलीचा दाखला निघतो. दोन वर्षांनी गणपतीला गावी आलेल्या धाकट्याला चावडीवर कोणीतरी विचारते, “घराचा लिलाव आहे म्हणे तुमच्या?” तेथून त्याचा प्रवास सुरू होतो : नकलेचा अर्ज, वकिलाची शोधाशोध, रजा, भाडे. आणि वकील पहिल्याच भेटीत सांगतो की अपिलाची मुदत केव्हाच संपली आहे.

येथे संस्थेला प्रत्यक्ष लबाड म्हणण्याची गरज नाही. पुष्कळदा लबाडी घरातल्याच माणसाची असते आणि संस्थेचा दोष केवळ डोळेझाकीचा असतो. पण ज्या डोळेझाकीने एकाचे घर दुसऱ्याच्या कर्जाला तारण होते, ती झाकणाऱ्याला कोणी एका दिवसाचाही हिशेब मागत नाही. हिशेब मागितला जातो तो घर गमावणाऱ्याकडे, आणि तोही दिवसादिवसाचा.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुष्कळांचा समज असा असतो की लबाडी सिद्ध झाली की मुदतीचा अडसर आपोआप दूर होतो. ते अर्धेच खरे आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे फसवणूक झाली असेल तर ती उघडकीला आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर उघडकीला येऊ शकली असती तेव्हापासून, मुदत मोजतात. पण हे कलम दाव्यांना आणि अर्जांना लागू आहे. अपिलाचा उल्लेख त्यात नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावे लागते, आणि ते दिवस टळले की ५ व्या कलमाखाली ‘पुरेसे कारण’ दाखवून माफी मागावी लागते. म्हणजे दाव्यात जो फसवला गेलेल्याचा हक्क आहे, तोच अपिलाच्या पायरीवर न्यायाधीशाच्या कृपेचा विषय बनतो.

ती कृपा कोणासाठी जन्माला आली याचा इतिहास मोठा बोलका आहे. विलंबमाफीच्या अर्जात वकील मंडळी हमखास ज्या निवाड्याचा आधार घेतात तो १९८७ सालचा कातिजी निवाडा. प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा द्या, हे तत्त्व शब्दशः ताणू नये. तांत्रिक सबबीवर अन्याय कायम करण्यापेक्षा गुणदोषांवर निर्णय द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावले. तत्त्व सोन्यासारखे आहे. पण त्या खटल्यात विलंब कोणाचा होता? अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्याचा, म्हणजे सरकारचा, आणि तोही अवघ्या ४ दिवसांचा. ज्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या होत्या त्यांना मिळालेल्या वाढीव भरपाईविरुद्धचे ते अपील होते! उदारतेचा हा झरा सरकारी दप्तराच्या दिरंगाईसाठी प्रथम वाहिला, मग हळूहळू सामान्यांपर्यंत पोचला. १९९८ साली एन. बालकृष्णन यांच्या खटल्यात ८८३ दिवसांचा विलंबही क्षम्य ठरला आणि दिवसांची संख्या गौण असून खुलाशाचा खरेपणा महत्त्वाचा, असे सांगण्यात आले. हे निवाडे आहेत, चांगले आहेत, आणि तरीही तालुक्याच्या न्यायालयात प्रत्येक गरीब अर्जदाराला ते नव्याने जिंकावे लागतात.

आणखी एक निवाडा येथे सांगण्याजोगा आहे. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे होसकोट खटला आला. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा दिलेल्या या कैद्याचा अपराध विद्यापीठाच्या बनावट पदव्यांसंबंधीचा होता. वरच्या न्यायालयात दाद मागायला त्याला चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि त्याचे म्हणणे असे की निकालाची प्रत आपल्या हाती वेळेवर आलीच नाही. त्याची दाद फेटाळली गेली; परंतु कैद्याला निकालाची प्रत तत्परतेने व विनामूल्य मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी वकिलाची मदत मिळाली पाहिजे, हा दंडक न्यायालयाने घालून दिला. बनावट कागद तयार करू पाहणाऱ्याच्या निमित्ताने का होईना, कैद्याला हा हक्क मिळाला याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र बनावट कागदाने ज्याचे छप्पर गेले, त्याच्या हाती निकालाची प्रत आपणहून नेऊन देण्याची जबाबदारी आजही कोणावर नाही. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात हे खरे. पण नक्कल मागायची तर निकाल झाला हे आधी कळायला हवे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. याच प्रश्नावर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले शेतकरी १८७५ साली उठले होते. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी त्या उठावाला तोंड फुटले, आणि ठिकठिकाणच्या जमावांनी मागितले काय तर सावकारांच्या घरातले कर्जरोखे आणि हुकूमनामे. जेथे ते मुकाट्याने मिळाले तेथे बहुधा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळले आणि लोक परतले. अडाणी कुणब्यांना एवढे नेमके कळले होते की त्यांचा शत्रू जितका माणूस आहे तितकाच तो कागद आहे.

त्या कागदावर त्यांची ‘सही’ कशी असे? कुणब्याला लिहिता येत नसे, म्हणून लिहिणाऱ्यानेच खाली नांगराचे लहानसे चित्र काढायचे आणि शेजारी ‘निशाणी नांगर’ असे लिहायचे. तो नांगर शेतकऱ्याचा, पण लेखणी सावकाराच्या कारकुनाची. अशा निशाणीची बनावट करायला कसब ते काय लागणार? त्यातून १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. व्यवहारात असे झाले की दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहवून घेऊ लागला आणि प्रत्येक नव्या रोख्यागणिक मूळ कर्ज किती होते हे अधिकाधिक पुसट होत गेले. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी मंडळापुढे हे सारे आले, आणि न्यायालयांतले बहुसंख्य हुकूमनामे प्रतिवादीच्या गैरहजेरीत एकतर्फी झालेले होते हेही आले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेऱ्यांतल्या नागवणुकीचे जे वर्णन केले आहे, त्याची पार्श्वभूमी हीच.

परक्या सरकारला या उठावाची भीती वाटली आणि त्या भीतीपोटी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो आरंभी होता. त्यातल्या तीन तरतुदी आज आठवण्याजोग्या आहेत. न्यायाधीशाने प्रतिवादीला समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता, ऋणकोने दावा कबूल केला असला तरीही, व्यवहाराचा इतिहास पहिल्या दिवसापासून तपासावा. आणि शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला तो मोठ्याने वाचून समजावून दिला जावा, मगच त्यावर निशाणी व्हावी. मुदतही वाढविली गेली. या कायद्याखालच्या कामकाजाची देखरेख महादेव गोविंद रानड्यांकडे होती. १८८७ साली ते खास न्यायाधीश झाले.

हा कायदा आदर्श होता असे मला म्हणायचे नाही. त्याखालच्या पुष्कळ दाव्यांत अपिलाचा हक्कच ठेवला नव्हता, केवळ फेरतपासणी होती. सावकारांनीही पळवाट शोधली : गहाणखत लिहवून घेण्याऐवजी सरळ खरेदीखतच लिहवून घ्यायचे आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत देईन’ असे तोंडी आश्वासन द्यायचे. ती पळवाट इतकी टिकाऊ निघाली की महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यालाही, सावकारीच्या ओघात लिहिलेली खरेदीखते तपासून ती रद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला द्यावा लागला. तरीसुद्धा १८७९ च्या कायद्यामागचा विचार स्वच्छ होता. दोन पक्ष असमान आहेत हे त्याने मान्य केले, आणि कागदाच्या मागे जाऊन पाहण्याची जबाबदारी न्यायाधीशावर टाकली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवितो. नांगराच्या जागी अंगठा आला त्याची कथाही याच संशयाची आहे. बंगालात १८५८ साली विल्यम हर्शल या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला, कारण एतद्देशीय माणूस पुढे आपली सही नाकारील अशी त्याला धास्ती होती. बोटांच्या ठशांची पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्याला निघाली. सही नाकारणारा गरीब लबाड असणार, हे गृहीत धरून हे शास्त्र आपल्याकडे वाढले.

तेच गृहीत आजच्या कायद्यांत कसे मुरले आहे पाहा. बँकांच्या थकीत कर्जांच्या वसुलीसाठी २००२ साली केंद्राने कायदा केला; ‘सरफेसी’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. त्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि मग न्यायालयाकडे न जाता तारणाचा ताबा घेऊ शकते. ऋणकोने त्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे. या न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वीच मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अट मूळ कायद्यात होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द केली आणि बँकेच्या कृतीत लबाडीचा आरोप असेल तर दिवाणी न्यायालयाचा दरवाजा मर्यादित प्रमाणात उघडा राहील, असेही सांगितले. शेतजमिनीचे तारण या कायद्याबाहेर आहे. पण न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपील करायचे तर ३० दिवस, आणि येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरायची. ती कमी केली तरी चतुर्थांशाखाली आणता येत नाही. अपिलाचे न्यायाधिकरण महाराष्ट्रापुरते एकच, मुंबईला.

सहकारी संस्थांची वाट याहून वेगळी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली निबंधक जो वसुली दाखला देतो तो थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि त्याविरुद्ध १५४ व्या कलमाखाली फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम भरावी लागते.

या अटीचा अर्थ सावकाश लक्षात घ्यावा. “मी कर्ज घेतले, व्याज चुकीचे लावले आहे,” असे म्हणणाऱ्याला काही रक्कम आधी भरायला सांगणे एकवेळ समजू शकते. पण “मी कर्ज घेतलेच नाही, माझी सही दुसऱ्याने केली,” असे म्हणणाऱ्याला त्याच कर्जाचा निम्मा किंवा चौथा हिस्सा भरायला लावणे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच ते खोटे ठरविणे होय. कायद्याला हे दोन अर्जदार एकच दिसतात. शिवाय सही तपासायची तर हस्ताक्षरतज्ज्ञाला मूळ कागद लागतो. छायाप्रतीवरून तो खात्रीचा निष्कर्ष काढू शकत नाही. मूळ कागद कोणाच्या कपाटात? बँकेच्या. आणि न्यायाधिकरणाचे काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर चालते. साक्षीदाराची उलटतपासणी तेथे मागावी लागते, ती हक्काने मिळत नाही.

वसुलीला विलंब झाला तर बँका बुडतील, ठेवीदारांचे काय होईल, असे यावर म्हटले जाते. ठेवीदारांत आपलीच माणसे आहेत आणि बुडालेल्या पतसंस्थांनी किती निवृत्त शिक्षकांची पुंजी खाल्ली हे मी विसरत नाही. पण मोठ्या कंपनीचे कर्ज थकले की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे तिच्याबाबतचा अर्ज न्यायाधिकरणाने स्वीकारताच सर्व जप्त्या आणि वसुल्या स्थगित होतात. कंपनीसाठी घड्याळ थांबते. सामान्य व्यक्तींसाठी त्याच संहितेत जे प्रकरण लिहिले आहे ते, कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांचा अपवाद सोडला तर, अमलात आणलेलेच नाही.

बेबंद वसुलीत सह्यांचे काय होते ते अमेरिकेत २०१० साली सर्वांनी पाहिले. गहाण घरांचे दावे इतक्या घाईने दाखल होत होते की एका वित्तसंस्थेच्या कर्मचाऱ्याने आपण महिन्याला सुमारे १०,००० प्रतिज्ञापत्रांवर, आतील मजकूर न पडताळता, सह्या करतो असे शपथेवर कबूल केले. अन्य एका कंपनीत तर एकाच अधिकाऱ्याच्या नावाने अनेक जण निरनिराळ्या वळणाच्या सह्या ठोकत होते. लोकांची घरे गेली ती अशा कागदांवर. २०१२ साली पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. आणि ज्यांची घरे गेली होती त्यांच्या हाती दुसऱ्या वर्षी जे धनादेश पडले ते सुमारे १,४८० डॉलरचे होते. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात बनावट सहीची किंमत अशी ठरली. म्हणून निरक्षर नांगरवाल्याचाच हा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये.

सही नाकारणारे सगळेच खरे असतात काय? नसतात. कर्ज बुडविण्यासाठी स्वतःची सही नाकारणारे महाभाग मी पाहिले आहेत आणि आपल्याकडे मदत मागायला येणाऱ्यांतही ते असतात. त्यांना पाठीशी घालणे हे आपले काम नव्हे. परंतु त्यांच्यावरचा उपायसुद्धा सही तपासणे हाच आहे. मुदतीच्या दारावरून सर्वांनाच परत पाठविले तर लबाड आणि नाडलेला यांतला भेद कधीच उघड होणार नाही.

आपली मागणी म्हणून नेमकी असली पाहिजे. सही प्रतिज्ञेवर नाकारली गेली की धनकोने ठराविक दिवसांत मूळ कागद हजर करावा आणि तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत ताबा व लिलाव थांबावा. अशा अर्जदाराकडून आगाऊ रक्कम मागू नये. अर्ज खोटा ठरल्यास त्याच्यावर जबर खर्च बसवावा, त्याला आपली हरकत नसावी. अपिलाची मुदत निकालाची मराठी प्रत प्रत्यक्ष हाती पडल्यापासून मोजावी. मुदत कायद्याच्या १७ व्या कलमात ‘अपील’ हा एक शब्द वाढविण्यासाठी संसदेत विधेयक मांडता येईल, आणि सहकार कायद्यातली निम्म्या रकमेची अट बदलणे तर सर्वस्वी राज्य विधिमंडळाच्या हातात आहे. बँकेच्या दिरंगाईचाही दर लावता येतो हे रिझर्व्ह बँकेने २०२३ साली दाखविले आहे : कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत केली नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बनावट सहीवर उभ्या राहिलेल्या गहाणाला असा दर का नसावा?

तोपर्यंत शाखांनी करावयाचे काम साधे आहे. गावाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा बोजा चढला आहे ते पाहायला सांगावे. खोट्या सहीची शंका आली की त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. विलंबमाफीच्या अर्जात हीच तारीख कामाला येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कामगार यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तालुका विधी सेवा समितीच्या दारापर्यंत त्यांना नेऊन सांगावे. त्याच सालच्या सहीचे जुने नमुने, पगारपत्रकावरचे, बँकेच्या पासबुकातले, मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचे, मिळतील तेवढे जमवावेत. आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट फेकू नये. त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते.